दम्याचा जमाखर्च



ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि विभागवार आढावा यांच्या जोडीने वार्षिक अहवालात दरवर्षी एका आजाराविषयी विस्ताराने लिहावे, अशी आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. आजवर हे लेखन आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी केले. यंदा ते प्रशासनाकडे आले, याचे कारण विषयातच आहे. दम्यावरील उपचार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत, ते गावोगावच्या औषध दुकानांत मिळतात आणि अन्य अनेक दीर्घकालीन आजारांच्या मानाने फार महागही नाहीत. असे असूनही हा आजार आमच्या किर्द-खतावणीत वर्षानुवर्षे चुकीच्या खात्यावर लिहिला जात आहे, असे आमचे मत झाले आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने वैद्यकावर लेखणी चालविणे हे धारिष्ट्यच होय. म्हणून लेखातील वैद्यकीय भाग आम्ही आमच्या छातीरोग विभागाकडून तपासून घेतला आहे. हिशेबाची जबाबदारी मात्र सर्वस्वी आमची.

आरंभ एका रुग्णापासून करतो. ते आपल्याच शहरात रिक्षा चालवीत. वय चाळिशीच्या आतबाहेर, घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. लागोपाठ तीन हिवाळ्यांत ते तीनदा आपल्या रुग्णालयात दाखल झाले. तिन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेलेली, तिन्ही वेळा तोंडातून पुरते वाक्य निघत नव्हते. प्राणवायू, नेब्युलायझर, शिरेतून औषधे, आणि तिसऱ्या खेपेस अतिदक्षता विभागात दोन दिवस. प्रत्येक वेळी बरे वाटून ते चालत घरी गेले. देयकात सवलत मिळावी म्हणून केलेला अर्ज तिन्ही वेळा आमच्या टेबलावर आला आणि तिन्ही अर्जांवर मंजुरीची सही आमचीच आहे. गरजू रुग्णाला मदत झाली, निधीचा विनियोग योग्य झाला, या समाधानाने आम्ही ती कागदपत्रे नस्तीत लावली. चौथ्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना पहाटे आणले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.

काही दिवसांनी त्यांची पत्नी कागदपत्रांसाठी कार्यालयात आली. तिने सोबत आणलेली कापडी पिशवी टेबलावर मोकळी केली. तीत रुग्णालयातून सोडतेवेळी दिलेली तीन कार्डे होती, औषध दुकानाच्या पावत्या होत्या, आणि निळ्या रंगाचे डझनभर रिकामे पंप होते. ज्या दुसऱ्या पंपाची शिफारस तिन्ही कार्डांवर होती, तो एकच होता, आणि तोही पुरता न संपलेला. ती म्हणाली, "निळा ओढला की लगेच मोकळं वाटायचं. दुसऱ्यानं काहीच वाटत नाही म्हणायचे. आणि तो महाग पडायचा." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आमच्याकडे मात्र उत्तर नव्हते, कारण तीन वर्षांत त्या दुसऱ्या पंपाविषयी आम्ही एकदाही विचारणा केली नव्हती. सवलतीच्या अर्जात तसा रकानाच नाही.

या दोन पंपांतील फरक समजल्यावाचून दम्याचा हिशेब समजत नाही, म्हणून तो आधी मांडतो. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला कायमची बारीक सूज असते. सुजलेल्या नलिका धूळ, धूर, थंड हवा, परागकण किंवा साधी सर्दी एवढ्यानेही चिडतात, त्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि मार्ग अरुंद होतो. मग घरघर, छाती भरून येणे, पहाटेचा खोकला, धाप. निळा पंप, म्हणजे बहुधा साल्ब्युटामॉल, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. त्यामुळे रुग्णाला हायसे वाटते. परंतु सूज जिथल्या तिथेच राहते. प्रतिबंधक पंपातील स्टेरॉइड, उदाहरणार्थ बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन, ही सूजच ओसरवते. ते काम दिवसांचे, आठवड्यांचे असते. ओढल्याबरोबर काहीही जाणवत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर निळा पंप हे हातउसने आहे. गरजेला उपयोगी पडते, पण त्यावरच संसार चालविला की व्याज साचत जाते.

हे केवळ आमचे रूपक नाही. सौम्य दम्यासाठी एकटा निळा पंप देण्याची रीत जगभर अनेक दशके रूढ होती. दम्याच्या उपचारांविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ साली ही शिफारस मागे घेतली. प्रौढांना आणि किशोरवयीनांना सूज उतरविणाऱ्या औषधाच्या जोडीवाचून एकटे आराम देणारे औषध देऊ नये, असे तिने स्पष्ट केले. त्यापूर्वी २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एक-एक करून छाननी झाली होती. आराम देणाऱ्या पंपांची नोंद उपलब्ध असलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षभरात बाराहून अधिक असे पंप लिहून दिलेले आढळले, तर प्रतिबंधक पंप बहुतेकांना गरजेपेक्षा कमी मिळाले होते. जवळपास निम्म्या मृत्यूंत टाळता येण्याजोगी कारणे होती, आणि ४५ टक्के रुग्ण तर वैद्यकीय मदत मागण्यापूर्वी किंवा ती मिळण्यापूर्वीच गेले होते. तो अहवाल वाचताना आमच्या डोळ्यांसमोर ती कापडी पिशवीच येत होती. ब्रिटनमध्ये उपचार बहुतांशी मोफत आहेत आणि डॉक्टर ठरलेला आहे, तरी तेथे हे घडते. तेव्हा केवळ पैशाने प्रश्न सुटेल, असा भ्रम आम्ही बाळगत नाही.

या उलटचा हिशेबही उपलब्ध आहे. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या औषध-नोंदी तपासून २००० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षात घेतलेल्या प्रतिबंधक स्टेरॉइड पंपाच्या प्रत्येक जादा डबीमागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटत गेलेले दिसले. एका डबीला एवढे मोल असणारी खरेदी आमच्या भांडारात दुसरी कोणती आहे, हे आम्ही शोधून पाहिले. चटकन सापडली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी ४ लाख ५५ हजार लोक त्याने दगावले. भारतासाठी याच वर्षाचे जे अंदाज मांडले गेले, त्यांत रुग्णसंख्या सुमारे ३ कोटी ४३ लाख, म्हणजे जगाच्या १३ टक्के आहे. मृत्यूंमधील वाटा मात्र ४२ टक्क्यांहून अधिक आहे. या दोन टक्केवारींमधील तफावत कोणत्याही लेखापरीक्षकाला खटकेल. आपल्या लोकांची फुप्फुसे निराळी नाहीत आणि औषधेही तीच आहेत. बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहेत. तफावत पडते ती औषध आणि रुग्ण यांच्या मधल्या अंतरात.

त्या अंतराचा पहिला टप्पा नावाचा आहे. भारतातील अनेक केंद्रांतून झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना दमा असल्याचे निदान झालेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के होते. 'दमा' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे घरात अवकळा पसरते. म्हणून डॉक्टर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' म्हणतात, आई 'जरा कफाची प्रकृती आहे' म्हणते, आणि लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात कपड्यांच्या घडीखाली जातो. सासरी कळू नये म्हणून महिनोन् महिने पंप न वापरणाऱ्या आणि मग पहिल्या बाळंतपणात गंभीर अवस्थेत दाखल होणाऱ्या मुली आमच्या परिचारिकांनी पाहिल्या आहेत. लहान मुलांना 'बाळदमा' म्हटले की पालकांना बरे वाटते, कारण तो आपोआप जातो अशी समजूत आहे. काही मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो, हे खरे. परंतु तो जाईपर्यंतची वर्षे त्या मुलाला श्वास घेतच काढायची असतात.

दुसरा टप्पा पंपाविषयीच्या धास्तीचा. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' ही वाक्ये आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतात. ती म्हणणारे लोक गोळ्या मात्र निर्धास्तपणे घेतात. येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. दोन फवारे घेतले तरी २००. गोळीतील औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात फिरते. पंपातील औषध गोळीच्या विसाव्या हिश्शाइतके, आणि ते थेट श्वासनलिकेत उतरते. हातापायाला कंप, छातीत धडधड यांची भीती कोणत्या बाजूला अधिक असावी, हे वाचकांनीच ठरवावे. स्टेरॉइडचेही तसेच. वारंवार अटॅक येणाऱ्या रुग्णाला तोंडाने घेण्याच्या स्टेरॉइड गोळ्यांचे कोर्स पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि त्यांचे दुष्परिणाम पंपातील अल्प मात्रेच्या तुलनेत कितीतरी अधिक असतात. प्रतिबंधक पंप ओढल्यानंतर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही. एवढे पथ्य पुरे.

मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर हैदराबादेस जाऊन माशाचा प्रसाद घेणारे रुग्ण आपल्या भागातही आहेत, आणि कोजागरीच्या रात्री खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी जागरण करणारेही. कोणाच्या श्रद्धेची टवाळी करणे हे रुग्णालयाचे काम नव्हे, आणि तसा आमचा स्वभावही नाही. मात्र या औषधांनी दमा बरा झाल्याचे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेले नाही. प्रवासास जाताना दोन्ही पंप खिशात असावेत आणि परत आल्यावर ते बंद करू नयेत, एवढाच आग्रह आम्ही धरतो.

आता आपल्या परिसराकडे वळतो. आपला भाग उसाचा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात, गुऱ्हाळे सुरू होतात, तोड झालेल्या फडांत पाचट पेटविले जाते, आणि त्याच वेळी थंडी उतरते. फटाक्यांचा धूर त्यात भर घालतो. आमच्या अपघात विभागाच्या रात्रपाळीला कॅलेंडर पाहावे लागत नाही. पाचट न जाळता शेतातच कुजविले तर जमिनीचाही लाभ होतो, हे कृषी खाते सांगत आले आहे. आमच्या देणगीदारांत बागायतदार बहुसंख्य असल्याने हे येथे नमूद करण्याचे धैर्य करतो. घरातला धूर बाहेरच्या धुराइतकाच घातक असतो. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या एका डास-उदबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. सिगारेट न ओढणाऱ्या घरातील बाळाला रात्री तीन वाजता नेब्युलायझर का लावावा लागतो, याचे उत्तर कधी कधी पलंगाखालच्या बशीत असते.

सर्वांत कठीण प्रकरण ऊसतोड मजुरांच्या मुलांचे. मराठवाड्यातून आलेली ही कुटुंबे फडाजवळच्या कोप्यांत राहतात. चूल कोपीच्या तोंडाशीच असते. मूल आजारी पडले म्हणून एका दिवसाची तोड बुडाली तर उचल फिटायची राहते, त्यामुळे ते अगदीच निळे पडू लागल्यावर आणले जाते. बरे झाले की दुसऱ्या दिवशी टोळी पुढच्या गावी. पुन्हा तपासणीस या, असे कार्डावर लिहून देताना ते कुटुंब तेव्हा कोणत्या तालुक्यात असेल हे आम्हांलाच ठाऊक नसते. लहान मुलाला पंप थेट ओढता येत नाही. मध्ये स्पेसर नावाची नळकांडी लागते, आणि ती विकत घ्यावी लागते. केप टाउनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून तो नीट बसविला, फट बुजविली, तर ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच गुणकारी ठरते. आमच्या बालरोग विभागातील परिचारिका रिकाम्या वेळात अशा बाटल्या तयार करून ठेवतात. या अहवालाच्या मालमत्ता-सूचीत त्यांची किंमत शून्य दाखविली आहे.

रुग्णालयावरील बोजा किती, असे विश्वस्त नेहमी विचारतात. दम्याचा अटॅक बहुधा रात्री किंवा पहाटे बळावतो, म्हणजे मनुष्यबळ सर्वांत कमी असते त्या वेळी. एक गंभीर रुग्ण आला की एक डॉक्टर आणि एक परिचारिका पुढील तास-दोन तास त्याच्याजवळून हलू शकत नाहीत. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत तर नेब्युलायझरच्या फवाऱ्यातून संसर्ग पसरण्याच्या भीतीने नेहमीची पद्धतच बदलावी लागली, आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री तपासणी काही काळ बंद ठेवावी लागली. ती तपासणी हेही प्रशासनाला पडलेले एक कोडे आहे. रुग्णाला नळीत जोराने फुंकायला लावायचे, मग औषध देऊन पंधरा मिनिटे थांबायचे, आणि पुन्हा फुंकायला लावायचे. तंत्रज्ञाचा बराच वेळ जातो, शुल्क अल्प. रक्ताच्या एखाद्या तपासणीत याहून कितीतरी अधिक उत्पन्न मिळते. परंतु दम्याचे निदान पक्के होते ते याच कंटाळवाण्या तपासणीने.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. रुग्णाचा दमा आटोक्यात आला तर रुग्णालयाचे उत्पन्न घटते. दाखल रुग्णाचे देयक होते; घरी स्वस्थ झोपलेल्या रुग्णाचे होत नाही. नफ्यासाठी चालविलेल्या आस्थापनेने यावर काय करावे हे आम्ही सांगणार नाही. विश्वस्त संस्थेला मात्र ही घट आनंदाने सोसता आली पाहिजे, आणि त्यामुळे मोकळी झालेली खाट न्यूमोनियाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला मिळते, याचीही नोंद ठेवली पाहिजे.

अडचण अशी की आपल्याकडील मदतीची सारी रचना खाटेभोवती उभी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना लागू केली, तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना अत्यंत उपकारक आहे आणि आपली संस्था ती काटेकोरपणे पाळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आणि आरोग्य विम्याचाही भर रुग्ण दाखल होण्यावरच आहे. म्हणजे आमचे रिक्षाचालक अतिदक्षता विभागात पोहोचले की त्यांच्यासाठी चार दारे उघडी होती. तेथे पोहोचू नयेत म्हणून लागणारा पंप मात्र त्यांनी स्वतःच्या खिशातून, त्या दिवसाच्या भाड्यातून घ्यायचा होता. दोनशे फवाऱ्यांचा प्रतिबंधक पंप सकाळी दोन आणि रात्री दोन या हिशेबाने पन्नास दिवस पुरतो. वर्षाला सात-आठ पंप. त्यांची एकूण किंमत आमच्यासारख्या सवलतीच्या रुग्णालयातही अतिदक्षता विभागातील दोन-तीन दिवसांच्या देयकाहून कमी भरते.

देणगीदारांविषयी पूर्ण आदर राखून हेही लिहितो की देणग्यांचा ओघही खाटेकडेच असतो. खाटेवर कै. मातोश्रींच्या नावाची पाटी लावता येते, यंत्राचे उद्घाटन करता येते, छायाचित्र या अहवालात छापता येते. पन्नास दिवसांत संपणाऱ्या डबीवर पाटी कोठे लावणार? ही भावना मनुष्यस्वभावाला धरून आहे, आणि त्याच भावनेवर आपले रुग्णालय उभे राहिले आहे, याचा आम्हांस विसर पडलेला नाही.

बाहेर याहून निराळे घडू शकते, याचे आम्हांला सर्वांत पटलेले उदाहरण फिनलंडचे. त्या देशाने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची दमा मोहीम राबविली. मोठी रुग्णालये बांधली नाहीत. स्थानिक आरोग्य केंद्रांत दम्याची जबाबदारी घेणारे डॉक्टर आणि परिचारिका नेमल्या, औषध दुकानांतून प्रशिक्षित औषधनिर्माते तयार केले, निदान लवकर करून सूज उतरविणारे औषध आरंभापासूनच द्यायचे ठरविले, आणि अटॅक येऊ लागल्यास काय करावे हे रुग्णालाच शिकविले. परिणामी दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस १९९३ मधील सुमारे १ लाख १० हजारांवरून २००३ मध्ये ५१ हजारांवर आले. त्याच काळात नोंदलेले रुग्ण वाढले होते, औषधांवरचा खर्चही वाढला होता; तरी दर रुग्णामागे होणारा वार्षिक खर्च ३६ टक्क्यांनी उतरला. श्रीमंत देशाशी आपली तुलना नको, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांनी खर्च कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात वळविला, हे पाहण्यास श्रीमंती लागत नाही.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही आपल्या रुग्णालयात काही बदल केले आहेत. दम्याच्या रुग्णाला घरी सोडताना प्रतिबंधक पंप प्रत्यक्ष हातात दिल्यावाचून आणि तो ओढून दाखविल्यावाचून सुटीचे कागद पूर्ण होत नाहीत. पंप कसा ओढावा हे आपल्याला येते, असे बहुतेक सर्वच सांगतात. करून दाखवा म्हटले की बऱ्याच जणांचे औषध जिभेवरच राहते. सवलतीच्या अर्जात आता 'गेल्या वर्षभरात घेतलेले प्रतिबंधक पंप' आणि 'निळे पंप' असे दोन रकाने आहेत. निर्धन रुग्णांना प्रतिबंधक पंप बाह्यरुग्ण विभागातून देण्यासाठी एक स्वतंत्र खाते उघडले आहे. मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी रास्त शंका घेतली होती की फुकट मिळालेल्या औषधाची किंमत राहत नाही. त्यावर ठरले असे की रिकामा पंप परत आणणाऱ्यास पुढचा मिळेल. ही व्यवस्था निर्दोष नाही. कित्येक जण पहिला पंप घेऊन गेले ते परत आलेच नाहीत, दिलेले दूरध्वनी क्रमांक बदललेले निघाले, आणि ऊसतोड मजुरांच्या बाबतीत तर ती जवळपास निष्फळ ठरली आहे; त्यांच्या मुलांना हंगामभर पुरतील एवढे पंप एकदमच द्यावेत का, हा प्रश्न मंडळापुढे आहे. या खात्यास देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी पावती घेताना 'दमा बाह्यरुग्ण औषध खाते' असा उल्लेख करावा. पाटी लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रुग्णांच्या आप्तांसाठी थोडेसे. निळ्या पंपाची गरज आठवड्यातून दोनदाहून अधिक लागत असेल, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून दाखवावयास यावे. अटॅकची वाट पाहू नये. एका दमात वाक्य पुरे होत नाही, आडवे होता येत नाही, ओठ-नखे निळसर दिसतात, निळा पंप घेऊनही उतार पडत नाही, यांपैकी काहीही दिसले की सकाळ होण्याची वाट न पाहता निळा पंप देत देत रुग्णालय गाठावे. पैशाची चौकशी प्रवेशद्वारावर होणार नाही.

आणि तपासणीस येताना घरातील सर्व पंप पिशवीत घालून आणावेत, रिकामे झालेलेही. वर्षभरात दोनशे फवाऱ्यांचे तीन निळे पंप संपले तर अटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि बारा संपले तर जिवाचा. रिकामे पंप कचऱ्यात टाकू नयेत. बाह्यरुग्ण विभागातील खिडकी क्रमांक ४ वर ते मोजून घेतले जातात.